वनस्पतीच्या अर्काचा नर प्राण्यांच्या प्रजननक्षमतेवर होणारा परिणाम कसा तपासावा

अर्क किती दिवस द्यायचा, हे मात्रेच्याही आधी ठरवावे. रॅटच्या (प्रयोगशाळेतील मोठ्या उंदराच्या) वृषणात मूळ जननपेशीपासून शुक्राणू घडण्यास सुमारे ५२ दिवस लागतात आणि अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीतून, पुढे सरकत तो पक्व होण्यात आणखी आठ-दहा दिवस जातात. माउसमध्ये (लहान उंदरात) घडणीचा हा काळ सुमारे ३५ दिवसांचा, तर वळूमध्ये ६१ दिवसांच्या आसपास असतो. म्हणून रॅटला २८ दिवस अर्क देऊन ‘शुक्राणूंवर परिणाम आढळला नाही’ असे लिहिणे म्हणजे पेरणीनंतर पंधरा दिवसांनी कणसे मोजायला जाण्यासारखे आहे. किमान ६० दिवस द्यावा आणि काही प्राणी पुढे तितकाच काळ अर्काविना ठेवून बिघाड भरून येतो का, तेही पाहावे. हाच कालावधी निदानालाही उपयोगी पडतो: शुक्राणूंची हालचाल आठवडाभरातच मंदावली, तर घाव बहुधा अधिवृषणातील तयार शुक्राणूंवर आहे, संख्या सात-आठ आठवड्यांनी घटली, तर संशय मूळ जननपेशींवर घ्यावा.

अर्काची ओळख पक्की नसेल तर पुढचे सारे श्रम वाया जातात. वनस्पती तज्ज्ञाकडून ओळखून घ्यावी, तिचा वाळवलेला नमुना जपून ठेवावा आणि कोणता भाग, कोणत्या द्रावकात, किती वेळ ठेवला व शेवटी किती टक्के अर्क हाती आला, हे नोंदवावे. पाण्यातला आणि एथेनॉलमधला अर्क रासायनिकदृष्ट्या वेगळे असतात. दोहोंना एकच नाव देऊन निष्कर्ष काढणे मला तरी पटत नाही. नियंत्रण गटाला नुसते पाणी देऊन भागत नाही. अर्क ज्या माध्यमात मिसळला असेल, तेच माध्यम तितक्याच प्रमाणात आणि त्याच नळीने द्यावे. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी अर्थातच त्याआधी घ्यावी.

दर आठवड्याला वजन व खाल्लेल्या अन्नाची नोंद ठेवावी. कडू अर्कामुळे प्राणी कमी खाऊ लागला, तर केवळ उपासमारीनेही शुक्राशय व प्रोस्टेट या वीर्यातील द्रव बनवणाऱ्या ग्रंथींचे वजन घटते, आणि तो दोष अर्काच्या माथी मारला जातो. टेस्टोस्टेरॉन हे नर-हार्मोन रक्तात लाटांसारखे चढते-उतरते, त्यामुळे सर्व नमुने दिवसाच्या एकाच वेळी घ्यावेत. एका नमुन्यावर फार विसंबू नये. शुक्राशयाचे वजन हे गेल्या काही आठवड्यांच्या हार्मोनचा अधिक भरवशाचा साक्षीदार असते.

विच्छेदनाच्या दिवशी सर्वांत आधी शुक्राणूंची हालचाल तपासावी, कारण ती फार वेळ टिकत नाही. अधिवृषणाचा शेपटीकडचा भाग ३७ अंश सेल्सिअसच्या द्रावणात बारीक कापावा, शुक्राणू आपणहून बाहेर पडू द्यावेत आणि थेंब तितक्याच उबदार स्लाइडवर घ्यावा. रॅटचे शुक्राणू थंडीला फार हळवे असतात. गार काचेवर ते क्षणात मंदावतात आणि पाहणाऱ्याला अर्काचा ‘गुण’ दिसू लागतो. नियंत्रण गट सकाळी आणि अर्काचा गट दुपारी अशी विभागणी टाळून प्राणी आलटून-पालटून घ्यावेत. मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा. त्यानंतर न्यूबाउअर चेंबरमध्ये (पेशी मोजण्याच्या चौकटी आखलेल्या काचेवर) संख्या आणि इओसिन-निग्रोसिन या रंगद्रव्यांनी मृत-जिवंत प्रमाण पाहावे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी वृषण फॉर्मलिनऐवजी बुइनच्या द्रवात (ऊती टिकवणाऱ्या दुसऱ्या द्रावणात) ठेवावे, कारण फॉर्मलिनमध्ये शुक्रजनक नलिका आक्रसतात आणि त्यांच्यातील पोकळ्या रोगासारख्या भासतात.

संख्या घटली म्हणजे नर वंध्य झाला, असे समजू नये. रॅटकडे शुक्राणूंचा साठा मोठा असतो आणि संख्या बरीच खालावूनही पिल्ले होतात. म्हणून प्रत्येक नराला दोन निरोगी माद्या द्याव्यात, योनीस्रावात शुक्राणू दिसल्याचा दिवस टिपावा आणि गर्भ मोजावेत.

निष्कर्षाची भाषा जपून वापरावी. सरकीतील गॉसिपॉल या रसायनाने शुक्रजनन थांबते, हे निर्विवाद आहे. १९७० च्या दशकात चीनमध्ये हजारो पुरुषांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. पण काहींच्या रक्तातील पोटॅशियम घसरले, काहींची जननक्षमता परतलीच नाही, आणि तो गर्भनिरोधक म्हणून मागे पडला. म्हणून यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि अर्क थांबवल्यानंतरची तपासणी यांचे आकडे शुक्राणूंच्या आकड्यांच्या शेजारीच, त्याच तक्त्यात द्यावेत.