इंग्लंडमध्ये भाड्याचं घर घेताय? डिपॉझिट पहिल्या दिवसापासून सांभाळा

रेडिंगमधलं आमचं पहिलं घर सोडताना एजंटने १८० पौंड कापायचे ठरवले. कारणं दोन: ओट्यावर हळदीचा डाग आणि कार्पेटवर इस्त्रीचा चटका. डाग आमचाच होता, तो मी कबूल केला. चटका मात्र आमचा नव्हता. सोफा सरकवला की कोपऱ्यात दिसायचा, इस्त्रीच्या टोकाएवढा. चावी मिळाली त्याच संध्याकाळी बायकोने त्याचा फोटो काढून एजंटला मेल केला होता. त्या एका मेलमुळे चटक्याचे पैसे सुटले.

म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, सामान लावण्याआधी फोटो काढा. ओव्हनच्या आतले, शॉवरच्या काचेवरच्या क्षारांचे, खिडकीच्या कडेला धरलेल्या बुरशीचे. एजंटची इन्व्हेंटरी, म्हणजे घरातल्या वस्तू आणि त्यांच्या स्थितीची यादी, वाचल्याशिवाय सही करू नका. राहिलेलं लेखी कळवा.

इथे साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही (वर्षाचं भाडं ५०,००० पौंड किंवा जास्त असेल तर सहा). म्हणजे महिना १,३०० पौंड भाडं असेल तर १,५०० पौंड. २००७ पासून घरमालकाने ते सरकारमान्य योजनेत नोंदवायलाच हवं: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स किंवा टेनन्सी डिपॉझिट स्कीम. मुदत ३० दिवसांची. तिन्हींच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. नोंदवलं नसेल तर कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम तुम्हाला द्यायला लावू शकतं. मालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहत असाल तर मात्र सहसा हे संरक्षण नसतं, आणि स्कॉटलंडच्या योजना वेगळ्या आहेत.

वाद झालाच तर घाबरू नका. योजनेकडे तंट्याची सोय फुकट असते, दोन्ही बाजू तयार हव्यात एवढंच. निवाडा करणारा घरी येत नाही, फक्त कागद आणि फोटो बघतो. पैसे मुळात तुमचे, त्यामुळे नुकसान सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. वापराने होणारी झीज तुमच्या माथी मारता येत नाही. जुन्याच्या जागी कोरं करकरीतही मागता येत नाही: दहा वर्षं टिकणारं ६०० पौंडांचं कार्पेट सहा वर्षं वापरून झालं असेल, तर तुमच्याकडून फार तर २४० पौंड. व्यावसायिक सफाईचे पैसे भराच, अशी अटही २०१९ च्या कायद्याने घालता येत नाही. घर जसं मिळालं तितकंच स्वच्छ परत द्यायचं. आपल्या फोडण्यांमुळे चिमणीच्या जाळीवर तेलाचा थर बसतो, ती मात्र गरम पाण्यात भिजवून नीट घासा.

पुण्या-मुंबईत शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करतात, तसं इथे परस्पर करू नका. ती थकबाकी ठरते आणि पुढच्या घराला लागणारा जुन्या मालकाचा रेफरन्स बिघडतो.