दोन पीएस५, एकच डिजिटल गेम

आमच्याकडे एक पीएस५ (प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) हॉलमध्ये आहे, दुसरा मुलीच्या खोलीत. गेम सगळे माझ्या अकाउंटवर घेतलेले. तिच्या प्रोफाइलवर मात्र गेमपुढे कुलपाचं चिन्ह यायचं. डिस्क असती तर हातात दिली असती. डिजिटल गेमचा परवाना अकाउंटशी बांधलेला असतो.

उपाय उलटा वाटेल, पण बरोबर तोच आहे: शेअरिंग माझ्या नव्हे, तिच्या कन्सोलवर चालू करायचं. हॉलमधल्या पीएस५वर 'सेटिंग्ज', 'यूजर्स अँड अकाउंट्स', 'अदर' असं जाऊन 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' बंद केलं. मग तिच्या कन्सोलवर माझ्या अकाउंटने लॉगिन करून तेच चालू केलं. आता तिथल्या कुठल्याही प्रोफाइलवरून माझे गेम चालतात, नेट नसलं तरी. मी हॉलमध्ये माझ्याच अकाउंटवरून खेळतो, मला तेवढं इंटरनेट लागतं. एकच गेम आम्ही दोघं एकाच वेळी खेळतो, आणि याचा आनंद मोठा आहे!

ही सोय एका अकाउंटसाठी एकाच पीएस५वर चालू राहते. तिच्या कन्सोलवरच्या माझ्या अकाउंटला पासकोड लावलाय. अकाउंटवर पेमेंटचं कार्ड सेव्ह असेल तर हे कराच. कुलूप तरीही दिसलं, तर 'अदर'मधलंच 'रिस्टोअर लायसन्सेस' वापरून बघा.