दान आलेल्या संगणकांवर लिनक्स: स्वयंसेवकांची मार्गदर्शिका कशी सुधारावी

मार्गदर्शिकेची भाषा तपासण्याआधी, कधीही लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली) न बसवलेल्या एका स्वयंसेवकाच्या हाती ती द्यावी आणि शेजारी बसून, मध्ये न बोलता, तो काय करतो ते पाहावे. तो जिथे अडखळतो, मागचे पान उलटतो किंवा मान वर करून आपल्याकडे बघतो, तिथे खूण करावी आणि दुरुस्तीला तिथूनच सुरुवात करावी. जाणकाराला खटकणाऱ्या जागा बहुधा निराळ्याच असतात.

पहिली खूण बहुतेक वेळा ‘पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा’ या वाक्यावरच पडते. दान आलेली यंत्रे एका कंपनीची नसतात: सुरू होताना दाबायची कळ डेलवर साधारणपणे एफ१२, एचपीवर एफ९, तर लेनोवोच्या काही लॅपटॉपवर टाचणीने दाबावे लागणारे बारीक छिद्र. म्हणून अशा कळांचा तक्ता सुरुवातीलाच द्यावा आणि नवे मॉडेल हाताळणाऱ्याला त्यात ओळ वाढवता यावी यासाठी खाली मोकळी जागा ठेवावी. शिवाय प्रत्येक पायरीपुढे पडद्यावर काय दिसायला हवे आणि ते दिसले नाही तर काय करावे, हे लिहावे. उदाहरणार्थ, इन्स्टॉलरला (लिनक्स बसवणाऱ्या प्रोग्रामला) आतली डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’ या पद्धतीवर आहे का ते पाहून ‘एएचसीआय’ निवडायचे, ही एक ओळ स्वयंसेवकाचा तासभर वाचवू शकते.

डिस्क पुसली जाईल हा इशारा मात्र त्या पायरीच्या आधीच हवा, कारण खालची ओळ वाचेपर्यंत बटण दाबून झालेले असते. डिस्क नावावरून ओळखू नये, आकारावरून ओळखावी, असेही तिथेच लिहावे. लिनक्सने दिलेले ‘एसडीए’ हे नाव म्हणजे नेहमी आतलीच डिस्क असे नसते. दात्याची जुनी माहिती हा वेगळा विषय असून त्याला वेगळे पान द्यावे. हार्डडिस्कवर एकदा पूर्ण पुनर्लेखन (जुन्या माहितीवर नवे लिहिणे) केले तर सामान्यतः पुरते, पण एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) पुनर्लेखन प्रत्येक कप्प्यापर्यंत पोहोचेलच असे नाही, म्हणून तिथे ड्राइव्हचीच सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी लागते.

अडचणींचे पान कारणांनुसार न लावता लक्षणांनुसार लावावे. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग अपडेट घेताना ‘फाइल अजून वैध नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि ब्राउझर चांगल्या संकेतस्थळांनाही असुरक्षित म्हणू लागतो. समोर असे काही आलेला माणूस ‘बॅटरी’ या मथळ्याखाली उत्तर शोधणार नाही. म्हणून पडद्यावरचे वाक्य अक्षरशः, ज्या भाषेत येते त्याच भाषेत छापावे आणि त्याखाली घड्याळ तपासण्याची सूचना द्यावी.

अनेक मार्गदर्शिका ‘संगणक पुन्हा सुरू करा’ इथेच संपतात, आणि संगणक मिळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती स्वयंसेवकाच्या नावाचे खाते व चिठ्ठीवर लिहिलेला पासवर्ड जातो. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारात यासाठी ओईएम इन्स्टॉलेशनची सोय आहे: तात्पुरत्या खात्यातून यंत्र तपासून ते सुपूर्द करण्यासाठी तयार केले की, पुढच्या वेळी ते सुरू करणारा स्वतःचे नाव आणि पासवर्ड स्वतः ठरवतो. ही पद्धत मार्गदर्शिकेत पर्याय म्हणून नव्हे, नेहमीची रीत म्हणून द्यावी. त्याआधी वाय-फाय, आवाज, कॅमेरा, चार्जिंग आणि विद्यार्थ्याच्या भाषेतील टंकलेखन तपासल्याची खूण करायला चौकटी द्याव्यात.

स्क्रीनशॉट फक्त निर्णय घ्यावा लागतो तिथेच ठेवावेत. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या २२.०४ आणि २४.०४ या आवृत्त्यांचे इन्स्टॉलर दिसायलाच वेगळे आहेत, त्यामुळे पानोपानी चित्रे असलेली मार्गदर्शिका सर्वांत आधी शिळी होते. कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या तारखेला पायऱ्या करून पाहिल्या, हे पहिल्या पानावर लिहावे आणि नवी छापील प्रत टेबलावर ठेवताना जुनी त्याच वेळी उचलून घ्यावी.