पेगन माणसाला आधी काय विचारावं

मी मिरजेत नर्सिंग शिकले. आता इंग्लंडच्या नैऋत्य भागात, सॉमरसेटमध्ये, हॉस्पिटलात नोकरी करते. ग्लास्टनबरी इथून जवळ आहे, आणि ते पेगन लोकांचं आवडतं गाव; त्यामुळे अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात 'पेगन' लिहिलेलं अधूनमधून दिसतं. पेगन म्हणजे युरोपातल्या ख्रिस्तपूर्व देवदेवता आणि निसर्ग यांच्याशी नातं जोडणारे आजचे लोक. भारतातून नव्याने आलेल्या मुली ते वाचून दचकतात आणि मला बाजूला घेऊन विचारतात, "ताई, हे सैतानाला मानणारे का?" त्या मुलींसाठी, आणि ज्यांच्या ऑफिसात, शेजारी किंवा नव्या सोयरिकीत कोणी पेगन आहे अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात प्रश्न बदलण्यापासून करा. "तुम्ही काय मानता?" हे पहिल्या भेटीत विचारू नका. "वर्षभरात तुम्ही काय काय करता, कधी करता, कुणाबरोबर करता?" असं विचारा. पेगन लोकांचा एक धर्मग्रंथ नाही, एक संस्थापक नाही, सगळ्यांनी म्हणायची श्रद्धेची प्रतिज्ञाही नाही. एकाच रिंगणात हात धरून उभ्या असलेल्या तिघांपैकी एकीला देवी खरोखर समोर आहे असं वाटतं, दुसऱ्याला ती निसर्गातली शक्ती वाटते आणि तिसरा देव अजिबात मानत नाही. तिघंही तोच विधी मनापासून करतात. आपल्याला हे अवघड जाऊ नये. कुळाचाराच्या दिवशी घरात जमलेल्यांना, तुमचा देवावर विश्वास आहे का हे विचारून कुणी पानावर बसवत नाही.

दुसरा प्रश्न वाटेचा. 'पेगन' या एका नावाखाली बरेच पंथ आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म 'पेगन' लिहिला आणि सुमारे १३,००० लोकांनी वेगळं 'विक्का' असं लिहिलं. समोरचा माणूस विक्कन आहे, ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेणारा आहे, हीदन म्हणजे थोर-ओडिन या उत्तरेकडच्या देवांना भजणारा आहे, की कुठलंच लेबल न लावता एकटाच टेकडीवर जाऊन सूर्याला हात जोडणारा आहे, हे कळल्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

विक्काची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याभोवती आहेत. जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हा इंग्रज सिलोन, बोर्निओ आणि मलायात मळ्यांवर आणि मग कस्टम्समध्ये नोकरी करून मायदेशी परतला. न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळाने आपल्याला १९३९ मध्ये दीक्षा दिली, असं तो सांगे. इंग्लंडमधला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरने या पंथावर उघडपणे पुस्तक काढलं. त्याच्या मंडळात १९५३ मध्ये आलेल्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी विधींची भाषा नव्याने लिहिली. आज विक्कन लोक डोळे मिटून जे देवीचं वचन म्हणतात, त्यातला मोठा भाग या बाईंच्या हातचा आहे. माझ्या मते विक्काचं खरं श्रेय त्यांना जास्त जातं. या पंथात देवी आणि देव दोघंही आहेत, पौर्णिमा महत्त्वाची, आणि 'कुणाचं नुकसान होत नसेल तर मनासारखं वाग' हा आचाराचा मुख्य नियम.

ड्रुइडांबद्दल एवढं लक्षात ठेवा: रॉस निकोल्स यांनी १९६४ मध्ये काढलेली संघटना आज त्यांच्यातली एक मोठी संघटना आहे, आणि २०१० मध्ये 'ड्रुइड नेटवर्क' या संस्थेला इथल्या चॅरिटी कमिशनने, म्हणजे धर्मादाय संस्थांच्या सरकारी आयोगाने, धर्माचं काम करणारी संस्था म्हणून मान्यता दिली. हीदनांसाठी आइसलँडकडे बघा. तिथे १९७२ मध्ये स्वेनब्यॉर्न बेन्टेनसन या मेंढ्या पाळणाऱ्या कवीने आणि त्याच्या सोबत्यांनी संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी तिला सरकारमान्यता मिळाली.

आता 'कधी करता' या प्रश्नाचं उत्तर. बहुतेक पेगन लोक वर्षाला चाक म्हणतात. त्या चाकाला आठ आरे: दोन अयनं (सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस), दोन संपात (दिवस-रात्र सारखे असतात ते दिवस) आणि त्यांच्या मधोमध येणारे चार सण. ३१ ऑक्टोबरला साउइन, मेलेल्यांचा सण. काही घरांत त्या रात्री गेलेल्या माणसासाठी ताट वाढतात आणि न बोलता जेवतात. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. २१ डिसेंबरच्या सुमाराला यूल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इम्बोल्क, तेव्हा इथे बर्फातून स्नोड्रॉपची पांढरी फुलं वर येतात आणि मेंढ्या व्यायला लागतात. १ मेला बेल्टेन, जाळाचा सण. १ ऑगस्टला पहिल्या धान्याचा लामस. उरलेले तीन म्हणजे दोन संपात आणि जूनचं अयन. सहकाऱ्याशी नातं जोडायचं असेल तर हे दिवस फोनमध्ये लिहून ठेवा आणि त्या सकाळी साध्या शुभेच्छा द्या. आमच्या वॉर्डमधल्या एका नर्सला साउइनच्या रात्री सुट्टी हवी असते आणि मला लक्ष्मीपूजनाला. आम्ही दोघी ड्यूटी बदलून घेतो.

हे सगळं हजारो वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं चालत आलेलं आहे, असं कुणी सांगितलं तर मात्र थांबा. आठ सण एका चाकात बसवण्याचं काम विसाव्या शतकाच्या मध्याचं आहे. ड्रुइडांनी उभारलं असं लोक समजतात त्या स्टोनहेंजचे, म्हणजे इंग्लंडमधल्या दगडांच्या रिंगणाचे, मोठे दगड इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमाराला उभे राहिले. ड्रुइडांचा उल्लेख सापडतो तो त्यानंतर साधारण दोन हजार वर्षांनी. त्या ड्रुइडांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही. त्यांची माहिती येते ती ज्युलियस सीझरसारख्या परक्यांकडून, आणि नरबळीचा आरोपही तिथूनच. आजचे ड्रुइड पाव, सायडर, मध असलं काही जमिनीला वाहतात.

तसंच मार्गारेट मरी यांनी १९२१ मध्ये मांडलं होतं की चेटकिणी म्हणून मारलेल्या बायका एका जुन्या गुप्त धर्माच्या होत्या. इतिहासकारांनी ते खोडून काढलं आहे. नव्वद लाख बायका जाळल्या हा आकडाही चुकीचा आहे. साधारण तीन शतकांत चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे. त्यात पुरुषही होते, बहुतेक सगळी साधी ख्रिस्ती माणसं होती, आणि इंग्लंडमध्ये त्यांना जाळण्याऐवजी फाशी देत. या विषयाचा मोठा अभ्यासक म्हणजे ब्रिस्टल विद्यापीठातले रॉनल्ड हटन. त्यांचा जन्म आपल्या उटीचा, १९५३ सालचा. विक्का हा आधुनिक काळात घडलेला धर्म आहे हे त्यांनी १९९९ मध्ये पुराव्यानिशी मांडलं, आणि अनेक पेगन लोकांनी ते स्वीकारलं. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकात सुरू झाला म्हणून आरतीला उभ्या असलेल्या माणसाचा भाव कमी होत नाही. इथेही तसंच समजा.

सैतानाचं उत्तर सोपं आहे. सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना. पेगन लोक तो धर्मच मानत नाहीत, तर त्यातला सैतान कुठून मानतील? गळ्यातली पंचकोनी चांदणी विक्कन लोकांचं धर्मचिन्ह आहे. अमेरिकेत २००७ पासून सरकारी खर्चाने उभारलेल्या सैनिकांच्या थडग्यांवरही ती कोरता येते. विधीतल्या सुरीने कुणाला कापत नाहीत. ती रिंगण आखायला वापरतात.

विक्कन लोक स्वतःला 'विच' म्हणजे चेटकीण म्हणवतात, ते नाव मात्र आपल्याला खरंच खुपतं, आणि त्याचं कारण खोटं नाही. नंदुरबारच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण झालेली आपण वाचलेली आहे. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो त्यांच्या खुनानंतर, २०१३ मध्येच झाला. तिथे तो ठपका दुसऱ्यांनी बाईवर लादलेला असतो. इथली विक्कन बाई ते नाव स्वतःहून घेते, छळ झालेल्यांची आठवण म्हणून आणि स्वतःची ताकद म्हणून. ती मंत्र म्हणत असेल, मेणबत्ती लावून संकल्प करत असेल. पण करणी उतरवून देतो म्हणत कुणी पैसे मागितले, तर मिरजेत जे कराल तेच इथे करा, दारातून परत पाठवा.

मराठी माणसांचा खास गैरसमज निराळाच. "अरे, हे तर आपलेच! अनेक देव, देवी, झाडं, अग्नी, सगळं आपल्यासारखं." प्रेमानेच म्हणतात, पण ऐकणाऱ्याला ते आपला धर्म ढापल्यासारखं वाटतं. साम्य आहे, नाकारायचं कारण नाही. कॉर्नवॉलमध्ये मॅड्रनच्या झऱ्यापाशी झाडांना बांधलेल्या चिंध्या पाहिल्या तेव्हा मला आपल्याकडचे नवस आठवले. पण पेगन लोकांतले बरेच जण ज्या धर्मात वाढले तो सोडून, घरच्यांशी भांडून इथवर आले आहेत. त्यांना हव्या आहेत त्या याच मातीतल्या देवता, याच विहिरी. पुनर्जन्मावर त्यांचं एकमत नाही, जन्माने कुणी पेगन होतोच असंही नाही. म्हणून "आमच्याकडेही असं करतात" एवढं म्हणा आणि पुढे त्यांना बोलू द्या. उलट बाजूही सांगायला हवी: ग्लास्टनबरीच्या हाय स्ट्रीटवर स्फटिकांच्या शेजारी गणपती विकायला असतो, काही पेगन देव्हाऱ्यांत काली असते. मला ते दुकान बघून बरं वाटत नाही, आणि मी तसं बोलते. काली ठेवणाऱ्या बाईला मात्र आधी विचारा, ती तिच्याकडे कशी आली. मग आपली काली सांगा. या गप्पा फार चांगल्या रंगतात.

एका बाबतीत सावध राहा. उत्तरेकडच्या देवांची चिन्हं आणि रून ही तिकडची जुनी लिपी काही वंशवादी गट वापरतात. बहुसंख्य हीदनांना याची चीड आहे. २०१६ मध्ये अनेक हीदन संघटनांनी अशा एका अमेरिकी गटाशी संबंध तोडल्याचं जाहीर निवेदन काढलं. थोरचा हातोडा गळ्यात दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. माणूस आपल्याशी कसा वागतो ते बघा.

विधीला बोलावलं तर जा. गरम कपडे आणि चिखलात चालतील असे बूट घाला, वाटून खायला काहीतरी न्या. रिंगण आखल्यावर न विचारता आत-बाहेर करू नका. वस्तूंना हात लावू नका. शिंगातून मधाची दारू फिरत आली आणि तुम्ही घेत नसाल तर ओठ न लावता पुढे द्या, कुणी आग्रह करत नाही. फोटो अजिबात काढू नका. बरेच पेगन लोक घरी किंवा नोकरीत हे सांगत नाहीत. तुमच्या एका फोटोने त्यांची अडचण होऊ शकते. दगडांची जागा पाहायची असेल तर मी स्टोनहेंजपेक्षा एव्हबरी हे दुसरं दगडांचं रिंगण सांगेन. स्टोनहेंजला अयनाच्या दिवशी प्रवेश मोफत असतो पण गर्दी फार. एव्हबरीत दगडांच्या रिंगणात गाव आहे, पब आहे, आणि दगडांना हात लावता येतो. झऱ्यापाशी काही बांधायचंच तर सुती धागा बांधा, नायलॉनची रिबन फांदीला काचते. जुन्या थडग्यांत मेणबत्त्या लावू नका, दगड काळे पडतात.

माझ्या व्यवसायातल्या मुलींना शेवटचं. पेशंटच्या टेबलावर दगड, पीस, बाहुली, काडी असं काही दिसलं तर साफसफाई करताना विचारल्याशिवाय हलवू नका. ऑक्सिजन जवळ असतो म्हणून मेणबत्ती चालणार नाही. सेलवर चालणारी सुचवा, बहुतेकांना पटते. हॉस्पिटलच्या चॅपलन्सीला, म्हणजे पेशंटना धार्मिक आधार देणाऱ्या विभागाला, फोन करून पेगन स्वयंसेवक मिळेल का ते विचारा, काही ठिकाणी मिळतो. नातेवाईक समोर असताना धर्माचा विषय काढू नका. आणि पेशंट म्हणाला की तो रकाना रिकामा ठेवा, तर रिकामा ठेवा.