फोटोंचा ऑटो बॅकअप लावताय? या चुका टाळा

फोटो गेले म्हणून माझ्याकडे धावत येणाऱ्या बहुतेकांची हार्ड डिस्क ठणठणीत असते. त्यांनी सिंकलाच, म्हणजे दोन जागी सारखंच ठेवण्याला, बॅकअप समजलेलं असतं.

ओळखीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने लॅपटॉपवरचं फोल्डर रोज रात्री एक्स्टर्नल डिस्कवर जावं म्हणून सॉफ्टवेअर लावलं आणि घाईत ‘मिरर’ निवडलं. मिरर म्हणजे लॅपटॉपवर जे असेल तेच डिस्कवर राहणार, नसेल ते तिथूनही साफ. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला, लॅपटॉप भरला. “डिस्कवर आहेतच की,” म्हणत पठ्ठ्याने मे महिन्यातली लग्नं उडवली. रात्री सॉफ्टवेअरने इमानेइतबारे ती डिस्कवरूनही पुसली आणि मोकळ्या जागेत नव्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, मोठ्या फाइल्स) लिहायला घेतल्या. एका वधूपित्याचा अल्बमसाठी फोन आला तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. फोटोरेक हे पुसलेल्या फाइल्स परत काढणारं सॉफ्टवेअर चालवून जे निघालं त्याला मूळ नावंच नाहीत, नुसते आकडे. कोणाची हळद, कोणाचा साखरपुडा, काही पत्ता लागेना.

मी फ्रीफाइलसिंक या फोल्डर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोंसाठी ‘अपडेट’च ठेवतो. नवीन ते जातं, तिकडचं काही पुसलं जात नाही. जागा जास्त खातं, खाऊ दे. मिररच हवा असेल तर डिलीट होणाऱ्या फाइल्स ‘व्हर्जनिंग’च्या (पुसण्याऐवजी बाजूला जपून ठेवायच्या) फोल्डरमध्ये पाठवा आणि काय जाणार, काय पुसणार हे दाखवणारी ‘कम्पेअर’ची यादी आधी वाचा. यादी वाचायचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांनी मिररला हात लावू नये.

मोबाइलवरही तोच घोळ. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ॲपमधून डिलीट केला की फोनवरून जातो आणि अकाउंटवरूनही. ट्रॅशमध्ये 60 दिवस, मग कायमचा. जागाच करायची तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा, ते फक्त फोनमधली प्रत काढतं. आणि फुकट अमर्याद जागा 1 जून 2021 पासून बंद झाली आहे. 15 जीबीत जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं बसवायचं. भरलं की बॅकअप थांबतो, सूचना येते, आपण ती न वाचता बाजूला सारतो.

लाइटरूम क्लासिक हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद करताना जो बॅकअप विचारतं, तो फक्त कॅटलॉगचा, म्हणजे फोटोंच्या आणि एडिट्सच्या नोंदींचा. त्यात फोटो नसतात!

विंडोजने डिस्कला दिलेलं अक्षर ‘ई’चं ‘एफ’ झालं की ठरलेल्या वेळेचा बॅकअप रुसून बसतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एक अक्षर पक्कं करा. मी शेवटाकडचं देतो, सहसा कोणी घेत नाही ते.

डिस्क चोवीस तास लावून ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर लॅपटॉपबरोबर तीही जाईल.

आणि ‘बॅकअप झाला’ सांगणाऱ्या हिरव्या टिकवर विसंबू नका. लाइट बिल भरायच्या दिवशी मी बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावतो आणि थोडे जुने, थोडे नवे फोटो पूर्ण साइजला उघडून बघतो. नुसती थंबनेल, म्हणजे फोटोची छोटी झलक, बघून चालत नाही. ती बऱ्याचदा फाइलमध्येच वेगळी साठवलेली असते, त्यामुळे मूळ फोटो खराब झाला तरी ती छानच दिसते.