एक्सेलमध्ये फास्ट व्हायचंय? आधी या चुका टाळा

हिशेबाच्या कामामुळे पतसंस्था, सोसायट्या, दुकानं अशी माझी बरीच भटकंती होते. कुठेही जा, नवा लागलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, "सर, फास्ट कामासाठी कुठले शॉर्टकट शिकू?" हल्ली त्याला जोडून येतं, "की एआयलाच सांगू?" सांग की. पण शीटमधला डेटाच बिघडलेला असेल, तर चुकीचं उत्तर तेवढं लवकर मिळेल.

खाते क्रमांक म्हणजे आकडा नव्हे

ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता चिडायचाही कंटाळा आलाय. एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले १५ अंक जपतं. सोळाव्या जागी ते सरळ शून्य बसवतं, आणि तुम्हाला विचारत वगैरे नाही. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. सुरुवातीची शून्यं तर उडतातच.

एका पतसंस्थेत लाभांश वाटपाची यादी चालली होती. मुलाने सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेल्या डेटाची साधी टेक्स्ट फाइल) काढली आणि डबल क्लिक करून उघडली. खात्यांच्या कॉलममध्ये 'ई+१५' असलं काहीतरी दिसू लागलं. त्याने फॉरमॅट 'नंबर' केलं, दशांश काढले, आकडे सरळ दिसले, गडी खूश. कंट्रोल-एस, फाइल बँकेत रवाना. संध्याकाळपर्यंत पैसे परत यायला लागले, आणि ते नेमके १६ अंकी खातेवाल्यांचे. परत आले हे नशीबच म्हणायचं, कारण एनईएफटीत रक्कम खाते क्रमांक बघून जमा होते, नाव बघून नाही. त्या शून्यवाल्या क्रमांकाचं खातं खरंच कुणाचं असतं तर?

मग पठ्ठ्याने कॉलम 'टेक्स्ट' केला. गेलेला अंक असा परत येत नाही. मूळ सीएसव्हीवरच सेव्ह केल्यामुळे तिथेही शून्यच. व्यवस्थापकांनी निदान केलं, "कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय." यादी सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढावी लागली.

मी सीएसव्ही कधीच डबल क्लिक करून उघडत नाही. कोरी शीट घेतो, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', मग 'ट्रान्सफॉर्म डेटा', आणि तिथे खात्याचा कॉलम 'टेक्स्ट' करूनच आत घेतो. हाताने भरायचं असेल तर कॉलम निवडून कंट्रोल-१, 'टेक्स्ट', आणि मगच टायपिंग. मोबाइल, आधार, पिन कोड, सगळ्यांना हाच नियम: ज्याची बेरीज करणार नाही, तो टेक्स्ट. एवढ्याला दोन मिनिटं जास्त लागतात म्हणून नाक मुरडणारे लोक दुसऱ्या दिवशी दोन तास बँकेत बसलेले दिसतात.

तारखा

कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल न राहता चार मार्च होतो. २५/०४ मात्र तारीख म्हणून ओळखूच येत नाही आणि टेक्स्ट होऊन सेलच्या डावीकडे चिकटतो. म्हणजे अर्ध्या तारखा उलट्या, अर्ध्या मेलेल्या. कॉलममध्ये काही डावीकडे, काही उजवीकडे दिसलं की दुरुस्ती करत बसू नका. रीजन 'इंग्लिश (इंडिया)' करा आणि डेटा मुळातून पुन्हा घ्या. एक्सेलच्या या तारीखवेडापुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकलेत. 'मार्च१' नावाच्या जनुकाची शीटमध्ये तारीख व्हायची, म्हणून जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्याचं नावच 'मार्चएफ१' केल्याचं जाहीर केलं.

किरकोळ, पण रोजच्या

व्हीलुकअप म्हणजे एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीत शोधून त्यापुढची माहिती आणणारा फॉर्म्युला. त्यात शेवटचा 'फॉल्स' विसरलात तर ते जवळपासचं काहीतरी उचलून आणतं. नवं व्हर्जन असेल तर एक्सलुकअप वापरा.

सेल मर्ज करू नका. हेडिंग मधोमध हवं तर 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' आहे.

फिल्टर लावलेला असताना पेस्ट कराल तर डेटा लपलेल्या ओळींतही जातो. आधी फिल्टर काढा.

"पिवळा म्हणजे पैसे आले." रंगाची बेरीज होत नाही हो! शेजारी कॉलम करून 'आले' लिहा.

कंट्रोल-ई म्हणजे फ्लॅश फिल, एक-दोन नमुने बघून बाकीचा कॉलम आपोआप भरणारी सोय. झकास आहे, पण तो फॉर्म्युला नाही. मूळ नाव बदललं तरी भरलेलं तसंच राहतं.

आणि शॉर्टकट? कंट्रोल-टी (टेबल करायला), कंट्रोल-शिफ्ट-एल (फिल्टर), कंट्रोल-ॲरो (डेटाच्या टोकाला उडी), एफ४ (फॉर्म्युला खाली ओढला तरी सेल हलू नये म्हणून त्याला डॉलरचं चिन्ह लावायला). माझं काम एवढ्यात भागतं. शंभर शॉर्टकटांचे व्हिडिओ बघणाऱ्यांना डॉलरचं चिन्ह कुठे लावायचं हे माहीत नसतं, हा माझा नेहमीचा अनुभव.

एआयला बेरीज विचारणं

एका सोसायटीच्या खजिनदारांनी थकबाकीची लांबलचक यादी चॅटबॉटमध्ये चिकटवली आणि विचारलं, एकूण किती? उत्तर ऐटीत आलं. पुन्हा विचारलं तर वेगळंच. काका मला विचारतात, "यातलं बरोबर कुठलं?" दोन्ही चूक. शीटमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं असतं तर बेरीज तिथेच समोर आली असती. भाषेचं मॉडेल पुढचा शब्द जुळवतं, ते म्हणजे कॅल्क्युलेटर नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये एक्सेलमध्ये 'कोपायलट' फंक्शन आणलं, तेव्हा अचूकता लागणाऱ्या कामासाठी ते वापरू नका, असं त्यांनीच सांगितलं.

एआयकडून फॉर्म्युला मागा, उत्तर नको. कुठल्या कॉलममध्ये काय आहे, तुमचं व्हर्जन कोणतं, हे सांगा आणि खोट्या नावांच्या चार ओळी द्या. सभासदांचे आधार आणि मोबाइल नंबर तिथे ओतायचं काही कारण नाही. फॉर्म्युला आला की तीन-चार ओळी हाताने पडताळा.

आणखी एक. एआयला फॉर्म्युल्याभोवती आयएफएरर गुंडाळून चूक असेल तिथे शून्य दाखवायची भारी हौस. शीट देखणी दिसते आणि ज्यांचं नाव जुळलं नाही त्यांची थकबाकी शून्य होऊन बसते. मी ते आयएफएरर आधी उडवतो. मग जिथे जिथे एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही' असा एरर, उगवतो ती नावं बघतो. बहुतेक वेळा नावामागे एक फालतू स्पेस असते. तिथे अशा स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन लावायचं.