लघुचित्र बनवून घेताना आधी कागद कापून बघा

हातानं रंगवलेलं लघुचित्र बनवून घ्यायचं असेल, तर काम सांगण्याआधी ठरलेल्या मापाचा कागद कापून तळहातावर ठेवा. ४ सेंटिमीटरच्या लंबगोलात एक चेहरा आणि खांदे छान बसतात. तिथे चौघांचं कुटुंब कोंबलं तर डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके उरतात. फोटो मोठा आणि एका बाजूनं खिडकीचा उजेड आलेला द्या. फ्लॅशमध्ये नाकाची, गालांची सावली पुसली जाते आणि चेहऱ्याची ठेवण चित्रकाराला अंदाजानं काढावी लागते.

पेन्सिलचं रेखाटन बघून होकार दिल्यावरच रंग लावू द्या. एनॅमलमध्ये तर हे फारच महत्त्वाचं. तिथे काचेची रंगीत पूड तांब्याच्या किंवा सोन्याच्या पत्र्यावर लावून ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, तेही थरावर थर देत अनेकदा. भट्टीतून निघालेली रेघ खोडता येत नाही. शिवाय दर भाजणीत तडा जायची भीती असते, म्हणून कृपा करून चित्रकाराच्या मागे तारखेचा तगादा लावू नका.

‘भट्टीत भाजलेलं आहे ना?’ हे मात्र स्पष्ट विचारा. न भाजता रेझिननं केलेल्या कामालाही एनॅमल म्हणतात, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. पत्र्याच्या मागच्या बाजूलाही एनॅमलचा थर हवा, नाहीतर पत्रा वाकून काच तडकते.

१७व्या शतकातल्या झां पेतितो या चित्रकाराची एनॅमल व्यक्तिचित्रं आजही टवटवीत दिसतात. कागदावरचे जलरंग उन्हानं उडतात. ते चित्र खिडकीसमोर टांगू नका.